कूलरचा षड्ज

गाण्याच्या आधी मला आवाजांचं वेड लागलं. कुकरची शिट्टी कुठल्या सुरात लागते, शेजारच्या सरदारजींच्या स्कूटरचा हॉर्न आमच्या दारावरच्या घंटीपेक्षा किती वर आहे, भाजीवाल्याची हाळी कुठल्या पट्टीवर येऊन थांबते, हे सगळं मला पेटीवर शोधून काढायचं असायचं. आई ओरडायची, "अगं, कुकर आधी बंद कर, सूर नंतर शोध!" तोवर डाळ लागलेली असायची.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये माझं लहानपण गेलं आणि बी.ए. झाले त्याच सुमारास बाबांनी फरीदाबादच्या एका नव्या सेक्टरमध्ये फ्लॅट घेतला. अर्धे फ्लॅट रिकामे, रस्त्यांवर वाळूचे ढीग, आणि जिथे म्हणून भिंत उभी राहिली तिथे कंप्युटर क्लासची पाटी. देश खुला झाला होता म्हणे. आमच्याकडे तो कंप्युटर क्लासच्या वाटेनेच येत होता. भेटेल तो विचारायचा, "बेटा, कौनसा कोर्स कर रही हो?" मी म्हणायची, "म्युझिक." मग समोरच्याचा चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा व्हायचा.

सेक्टरच्या प्राथमिक शाळेत दुपारनंतर एक कम्युनिटी कॉलेज भरायचं. टायपिंग, शिवण, ब्युटीशियनचा कोर्स, अर्थातच कंप्युटर, आणि व्हरांड्याच्या टोकाला, बालवाडीच्या खोलीत, संगीत. भिंतीवर अनार, आम, इमलीचे तक्ते आणि त्याखाली सतरंजीवर आम्ही. मी कंठसंगीताला नाव घातलं. बाबा नको म्हणाले नाहीत, पण त्यांची अट होती. पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा पास झाले तर पुढे गाणं, नाही तर निमूटपणे कंप्युटर. कॉलेजचा नियम त्याहून सरळ होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सूर कच्चा म्हटलं की गाण्याच्या वर्गातून नाव कमी.

मला त्याची फारशी काळजी नव्हती, कारण हिवाळाभर माझं छान चाललं होतं. घरी तंबोरा नव्हता. आई पेटीवर माझा सा, म्हणजे काळी चार, धरून बसायची. एका हाताने भाता, एका हाताने पट्टी. खिडक्या बंद, थंडी कडाक्याची, आणि त्या एका सुरात मी खुशाल तासभर गायची. वर्गात सर मान हलवायचे. आमचे सर पंजाबी होते, बोलायचे कमी आणि त्यांनी मान हलवली की दिवस चांगला जायचा.

होळी झाली, ऊन तापलं, आणि माझा सूर घसरायला लागला. सुरुवात बरोबर व्हायची. पण पंधरा-वीस मिनिटांनी तंबोरा एकीकडे आणि मी त्याच्या खाली. मला ते कळायचंही नाही, हे सगळ्यात भयंकर होतं. सर डोळे मिटून ऐकता ऐकता कपाळाला आठी घालायचे आणि म्हणायचे, "बेटा, उतर रही हो." मी परत वर चढायची, परत उतरायची. बाकीच्या मुली खाली बघायच्या. घरी येऊन मी रडायची आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट रियाज करायची. गंमत अशी की जितका रियाज जास्त, तितका सूर आणखी खाली. परीक्षा मेमध्ये होती. शेवटी सर म्हणाले, "शनिवार को मैडम से मिलो."

या मॅडम म्हणजे कॉलेजच्या संगीताच्या मार्गदर्शक. पुढे काय शिकावं, काय सोडावं, कुणाचं कुठे अडतं आहे, हे बघायला त्या शनिवारी यायच्या. मराठी होत्या, साठीच्या आसपासच्या. नवरा केंद्राच्या मंत्रालयातून निवृत्त झालेला. इतरांच्या त्या मॅडम, पण मी मराठी आहे कळल्यावर मला म्हणाल्या, "तू बाई म्हण. फार वर्षांत कुणी म्हटलं नाही."

त्यांची मार्गदर्शनाची पद्धत मोठी चमत्कारिक होती. त्या गायला सांगायच्या नाहीत. एक कोरा कागद पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "रियाज करतेस ती जागा काढून दाखव." चित्र नाही, नकाशा. दार कुठे, खिडकी कुठे, तू कुठे बसतेस, घरातली माणसं त्या वेळी कुठे असतात. माझ्या आधी तबल्याचा एक विद्यार्थी बसला होता. त्याने काढलेल्या नकाशात तो पलंग आणि कपाट यांच्या फटीत बसलेला. बाई म्हणाल्या, "तेरा बायां हाथ इसी लिए नहीं खुलता. कोहनी अलमारी को लगती होगी." तो आपल्या कोपराकडे नवीनच काही फुटल्यासारखा बघत राहिला. मला वाटलं, ही बाई ज्योतिष सांगते की काय.

मी माझा नकाशा काढला. बैठकीची खोली, दिवाण, टीव्ही, खिडकीत कूलर, कूलरसमोर मी.

"कूलरसमोर का?"

"उकडतं ना बाई."

"आणि तंबोरा कुठे?"

"तंबोरा नाही. हिवाळ्यात आई पेटी धरते. पण आता कूलरच्या आवाजात पेटी ऐकूच येत नाही." इथे मी जरा फुशारकीने पुढे सांगितलं, "पण बाई, आमच्या कूलरचा सूर अगदी काळी चार आहे! मीच शोधून काढला. पेटीवर लावून बघितला, बिल्कुल माझा सा. आता मी त्याच्यावरच गाते. आईचे हातही सुटले."

मला खरंच त्या शोधाचा अभिमान होता. पत्र्याचा, चौकोनी, वाळ्याच्या ताट्यांचा आमचा कूलर. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की असा सुरेल कूलर अख्ख्या फरीदाबादेत सापडायचा नाही. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पेन टेकवून नकाशातल्या कूलरभोवती गोल काढला.

"रियाजाला कधी बसतेस?"

"दिवेलागणीला. बाबा ऑफिसातून यायच्या आधी."

"अच्छा. मी मंगळवारी येते तुमच्याकडे. चहा जास्त गोड नको."

मंगळवारी त्या खरंच आल्या. दिल्लीहून, आश्रम चौकात बस बदलून, बदरपूर बॉर्डरची गर्दी सोसून, पर्समध्ये एक पिच पाइप घेऊन. पिच पाइप म्हणजे फुंकून नेमका सूर देणारी छोटीशी शिट्टी. बाबाही त्या दिवशी लवकर आले होते. आईने पोहे केले. बाईंनी पोह्यांची बशी मांडीवर घेतली आणि मला म्हणाल्या, "रोज बसतेस तशी बस. मी इथे नाहीच समज."

मी कूलर लावला. त्याने हुंकार भरला, मी त्यात सा मिसळला. बाईंनी शिट्टी फुंकून बघितली. काळी चार, अगदी चोख. बाबांनी आईकडे विजयी नजरेने पाहिलं. मी भूपाचे आलाप घ्यायला लागले. बाहेर अंधारून येत होतं. समोरच्या ब्लॉकमध्ये एकेका खिडकीत दिवे लागत होते, एकेका खिडकीतला कूलर सुरू होत होता. आमच्या खोलीतला बल्ब हळूहळू पिवळा पडायला लागला. रोजच पडायचा. त्या काळी फरीदाबादला संध्याकाळचं व्होल्टेज असंच असायचं, त्याच्याकडे कोण लक्ष देतं? मी गात राहिले. मला तर वाटत होतं, आज बाईंसमोर काय सुंदर लागलंय!

"थांबू नकोस," बाई म्हणाल्या. "सा वर ये आणि तिथेच राहा."

मी सा धरला. कूलर आणि मी, एकजीव. बाईंनी शिट्टी फुंकली.

तो सूर कुठल्या कुठे वर होता! क्षणभर मला वाटलं शिट्टीच बिघडली. बाईंनी पुन्हा फुंकली, मग आमची पेटी पुढे ओढून पट्ट्या चाचपल्या. आम्ही अर्धा सूर उतरून पांढरी पाचवर आलो होतो आणि आणखी खाली निघालो होतो. व्होल्टेज पडलं की पंखा मंद व्हायचा, पंखा मंद झाला की त्याचा सूर उतरायचा, आणि मी इमानदारीने त्याचं बोट धरून रोज संध्याकाळी जिना उतरत होते. इतकी हळू की मला पायऱ्या कळतच नव्हत्या. म्हणूनच रियाज वाढवला तसा सूर आणखी बिघडला. मी उतरायचाच रियाज करत होते.

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. एवढे दिवस मी स्वतःच्या गळ्याला शिव्या देत होते.

बाबा तडक उठले. पुरुषमाणसाला उपाय सुचला की त्याला धीर नसतो. त्यांनी फ्रीजचा स्टॅबिलायझर काढला आणि वायर ओढत कूलरपाशी आणला. "सिंपल आहे मॅडम. व्होल्टेज स्टेबल, तर सूर स्टेबल."

"साहेब," बाई म्हणाल्या, "कूलरला लावाल. हिच्या कानाला कुठला स्टॅबिलायझर लावणार?"

बाबा हातात वायर घेऊन उभेच राहिले. बाई माझ्याकडे वळल्या. "तुझा गळा चांगला आहे. कान तर फार चांगला आहे. पण तो भलता आज्ञाधारक आहे. जो मोठ्याने बोलेल त्याच्या मागे जातो. आज कूलर आहे, उद्या पेटीवाला चढा वाजवेल, परवा शेजारची चुकेल. तू सगळ्यांच्या मागे जाशील."

मला ते झोंबलं. घरात, नातेवाइकांत, सगळीकडे माझं कौतुक याच गोष्टीसाठी व्हायचं, की मुलगी सांगितल्याबाहेर नाही. मी विचारलं, "मग ऐकायचंच नाही का?"

"ऐकायचं तर! सगळ्यांचं ऐकायचं. जायचं मात्र कुणाच्या मागे नाही."

त्यानंतरच्या शनिवारपासून बाईंनी मला जो रियाज दिला त्याला वर्गातल्या मुली छळ म्हणायच्या. बाई तंबोऱ्यावर माझा सा द्यायच्या आणि तंबोरा बंद करायच्या. मी तो सूर धरून ठेवायचा. मग त्या एका मुलीला माझ्या शेजारी बसवून थोड्या खालच्या सुरात गायला लावायच्या, दुसऱ्या मुलीला थोड्या वरच्या. मध्ये मी. सुरुवातीला मी दोन श्वासांतच वाहून जायची. कानात नुसती कालवाकालव. दोन सूर जवळ आले की हवेत एक थरथर उठते, दात शिवशिवतात तशी, आणि दुसऱ्या सुरात शिरलं की ती थरथर थांबून इतकं बरं वाटतं की शिरण्याचा मोह आवरत नाही. मला या थरथरीचंच कुतूहल वाटायला लागलं. ती कधी जलद होते, कधी संथ, हे मी ऐकत बसायची. आणि एक दिवस लक्षात आलं की मी तिच्याकडे बघते आहे म्हणजे मी तिच्यात नाही. मी माझ्या जागेवर आहे. त्या दिवशी बाईंनी पर्समधून वेलदोडा काढून मला दिला.

घरी मी कूलर बंद करून, घामाने निथळत रियाज करायची. आई टॉवेल घेऊन शेजारी बसायची. बाबा ऑफिसातून आले की दारातच विचारायचे, "संपलं का? लावू का?"

परीक्षेच्या दिवशी लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजून काढणारा वारा, वाहत होती. बालवाडीच्या खोलीच्या खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या, त्याही घटकाभरात वाळून खडखडीत झाल्या. परीक्षक दिल्लीहून आलेले, म्हातारे, पांढऱ्या भुवयांचे. माझ्या आधीच्या दोन मुलींना त्यांनी हात वर करून अर्ध्यातच उठवलं होतं. बाबा रजा काढून व्हरांड्यात उभे होते, हातात कंप्युटर क्लासचं माहितीपत्रक. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, जवळच्या क्लासमधून ते सहज घेऊन आले होते, पण मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

आमच्या वरच्या वर्गातली एक मुलगी तंबोऱ्याला बसली होती. मी सा लावला. भूप सुरू केला. परीक्षक डोळे मिटून बसले. आलाप बरा गेला, बंदिशीचा मुखडा बरा गेला. आणि मग मला ती थरथर ऐकू आली.

आधी अगदी संथ. मग जरा जलद. मी उतरते आहे! महिन्याभराची मेहनत वाया, आता भुवया वर जाणार, आता हात वर होणार. शरीर सांगत होतं, सरक, थोडंसंच खाली सरक, लगेच बरं वाटेल. मी थरथरीकडे कान दिला. ती वाढतच होती. म्हणजे कुणीतरी हलत होतं. मी माझ्या आत चाचपून बघितलं. मी हलत नव्हते. मला खात्री होती असं नाही म्हणता येणार, पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. मी सा वर आले आणि तिथे राहिले. तंबोरा माझ्याखाली आणखी आणखी बेसूर होत गेला. माझे डोळे भरून आले, पण आवाज मी हलू दिला नाही.

परीक्षकांनी हात वर केला.

मी थांबले. खोलीत फक्त चादरींची फडफड. दाराच्या फटीतून बाबांचा चेहरा दिसत होता. परीक्षकांनी डोळे उघडले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. तंबोऱ्यावरच्या मुलीला ते शांतपणे म्हणाले, "बेटी, खूँटी सरक गई है. तानपूरा उतरा है, लड़की नहीं उतरी. इसके सुर से मिला लो."

मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "सा दो उसको."

मी सा लावला. ती मुलगी कान जवळ आणून खुंटी पिळायला लागली. तार कुरकुरली, खालून हळूहळू वर यायला लागली, थरथर संथ होत गेली, आणि ती माझ्यापर्यंत येऊन पोचेपर्यंत मी तिच्यासाठी तिथेच थांबून राहिले.