आवक क्रमांकाची रिकामी जागा

तुम्ही कधी नकाराची वाट पाहिली आहे का? होकाराची सगळेच पाहतात. मी नकाराबद्दल विचारतेय.

वसईच्या पाचूबंदरचे एक काका ती पाहायचे. कुठलाही कागद हातात दिला की ते आधी त्याच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवायचे. शिक्का आहे का, क्रमांक आहे का, सही कोणाची. मजकूर नंतर. कोपरा कोरा असेल तर कागद परत करून म्हणायचे, "पोच कुठं हाय?"

मच्छीमाराच्या घरातला हा माणूस बोटीवर गेला नाही. मुंबईत एका मोठ्या सरकारी ऑफिसात लागला. लोकांची बचत गोळा करणाऱ्या कंपन्यांवर लक्ष ठेवायचं, त्यांना जाब विचारायचा, तक्रारीला मुदतीत उत्तर द्यायला लावायचं, हे त्या ऑफिसचं काम. काका निवृत्त होईपर्यंत तिथल्या आवक-जावक विभागात बसले. "क्रमांक पडला का उत्तर द्यावंच लागतं. मंग कागद मंत्र्याचा असो नायतर भाजीवाल्याचा."

मी तेव्हा पापडीच्या बाजारात पत्रकं वाटायचे. काका पत्रक घ्यायचे, कोपऱ्यावर बोट ठेवायचे आणि डोळे मिचकावायचे. "लीडर, एवढे प्रश्न इचारलेत. पोच किती आल्या?"

"काका, पत्रकाला पोच नसते."

"मंग हे वरडनं झालं. अर्ज नाय."

मला राग यायचा. पण अर्ज लिहायचा म्हटलं की आम्ही सगळी कॉलेजची पोरं त्यांच्याच ओट्यावर जायचो. वाळत घातलेल्या जाळ्याशेजारी त्यांची प्लास्टिकची खुर्ची असे.

माझी एक वर्गमैत्रीण जवळच्याच होळी गावची. घरची भाजीची वाडी. शेवटच्या वर्षाला आम्हाला इंटर्नशिप सक्तीची होती, त्याशिवाय निकाल नाही. तिने काकांच्याच ऑफिसातल्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी अर्ज केला. संकेतस्थळावर फॉर्म भरला, तर पडद्यावर फक्त 'धन्यवाद' आलं. काकांनी ते बघून मान हलवली. "धन्यवाद म्हंजे पोच नाय. कागदावर दे. मी सोता नेऊन देतो."

आम्ही तिघं गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत त्यांनी आम्हाला कुठला जिना, कुठली खिडकी, साहेब किती वाजता चहा घेतात, सगळं सांगून ठेवलं.

खिडकी नव्हती. काका जिथे बसायचे तिथे काचेचं दार झालं होतं आणि दाराबाहेर एक स्टीलची पेटी.

"अंकल, बॉक्स में डाल दो," रखवालदार म्हणाला.

"और नंबर?"

"बॉक्स क्या नंबर देगा, अंकल?"

काका पेटीसमोर उभे राहिले. मागे कुरियरवाले ताटकळले. शेवटी त्यांनी अर्जाची दुसरी प्रत रखवालदारापुढे धरली. "तू सही कर. तारीख टाक." त्या बिचाऱ्याने केली. काकांनी अर्ज पेटीत सोडला आणि ती प्रत घडी घालून खिशात ठेवली.

पुढच्याच आठवड्यात होळीच्या एका पतपेढीने तिला इंटर्नशिप देऊ केली. शनिवारपर्यंत कळवा म्हणाले. ती ओट्यावर विचारायला आली.

"पयल्या अर्जाचं उत्तर आलं?"

"नाही, काका."

"मंग थांब, पोरी. एकाकडं अर्ज पडलाय आनि दुसऱ्याला हो बोलतेस? आपल्या बंदरावर लिलावात बोली लावून कोन पाठ फिरवतं का? मासळीची पाटी तुझी का नाय, हे तिथंच सांगतात. मंगच मानूस हलतो."

"आणि नाहीच आलं तर?"

"येनार. नाय म्हनून तरी येनार."

ती थांबली. शनिवार गेला. पतपेढीने दुसऱ्याला घेतलं. उत्तर आलं नाही, उन्हाळा संपला, आणि तिचा निकाल राखून ठेवला गेला.

मी ओट्यावर जाऊन काकांवर ओरडले. तुमच्या नियमांनी एका मुलीचं वर्ष खाल्लं, म्हणाले. त्यांनी माझ्याकडून जाहिरातीची प्रत मागितली आणि पहिल्यांदाच कोपरा सोडून तळ वाचला. तिथे बारीक अक्षरात होतं: फक्त निवड झालेल्यांनाच कळवले जाईल.

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. मग लाल पेनाने अधोरेखित केली. "हे कुठल्या नियमात बसतं, लीडर?"

माझा राग चुकीच्या माणसावर निघाला होता, हे कळूनही मी माफी मागितली नाही.

त्यानंतर त्यांनी ऑफिसला तीन पत्रं लिहिली. मुलीला नका घेऊ, पण तसं कळवा, एवढीच मागणी. रोज पोस्टमनला हाक मारायचे, "काय रे, नाय आलं?" तो हसून हात हलवायचा. माझी मैत्रीण आता विरारच्या एका मॉलमध्ये बिलं करते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर म्हटलं तर म्हणाली, "कोणाला?"

काका गेले तेव्हाही काही आलं नव्हतं. मातीनंतर काकीने मला त्यांच्या शर्टाच्या खिशातली घडी दिली. घड्यांवर कागद फाटला होता. कोपऱ्यात 'आवक क्रमांक' या शब्दांखाली रखवालदाराची वाकडी सही होती. क्रमांकाची जागा रिकामी.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी तरी अशा ऑफिसात, अशा एखाद्या टेबलाशी बसत असेल. तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. उद्या सकाळी ढिगाच्या तळातला एक अर्ज काढा. त्या मुलाला किंवा मुलीला नावाने 'नाही' असं लिहा. खाली सही करा. आणि पाठवा.