खालच्या आळीतली उलटी धाव

आयुष्यात मी एकच पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि ते पळण्यावरचं होतं.

ते माझ्यासाठी आणलेलं नव्हतं. माझी मुलगी सोनाली पोलीस भरतीची तयारी करत होती. मागच्या भरतीत ती ग्राउंडवर, म्हणजे पळण्याच्या परीक्षेत, अगदी थोडक्यात मागं पडली. या वेळी जमलं नाही तर मिळेल त्या स्थळाला हो म्हणून लग्न उरकायचं, असं घरात ठरलं होतं. ठरवणाऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, आणि त्या म्हणतात ते ऐकतो.

सोनालीनं बीडहून पुस्तक आणलं. लिहिणारे कडा गावाकडचे कुणी निवृत्त पीटीचे मास्तर होते. मागच्या पानावर त्यांचा फोटो होता. गळ्यात शिट्टी, कमरेवर हात, आणि नजर अशी की पुस्तक पालथं ठेवलं तरी बघताहेत असं वाटावं. मी वाचायला बसले की फोटोवर भाकरीचं फडकं टाकायची.

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळं ओळीखाली बोट धरून सावकाश वाचावं लागे. पण हे मास्तर गोष्ट सांगत नव्हते, हुकूम सोडत होते. ‘वाचकहो, उभे राहा’ असं लिहिलेलं. मी उभी राहिले. ‘आता एका पायावर तोल सांभाळा.’ सांभाळला. (चुलीवरचं दूध उतू गेलं. त्याबद्दल पुस्तकात काही नव्हतं.) आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी एकच वाक्य: ‘घाबरू नका, मी तुमच्या मागेच आहे.’

हे वाक्य पोरांना धीर द्यायला लिहिलेलं असणार. मला मात्र ते वाचलं की मानेवर काटा यायचा. परका माणूस मागून येतोय, आणि तोही शिट्टी घालून!

पुस्तकाच्या शेवटाकडं उलट्या धावेचा धडा होता. तोंड पुढं ठेवून मागं मागं पळायचं, त्यानं गुडघ्यांची कुरकुर थांबते. माझे गुडघे तर बोलायलाच लागले होते. शिवाय उलटं पळताना मागून कोण येतंय ते समोर दिसतं, ही सोय मला फार आवडली. पण करायचं कुठं? मी अशी बाई, की दुकानदारानं नाव विचारलं तरी पदर ओढते. गावात पळताना कुणी बघितलं असतं तर मी विहीर जवळ केली असती.

म्हणून मी खालची आळी निवडली.

आमचं गाव शिरूर कासारजवळ. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि खालची आळी रिकामी होते. घराघराला कुलूप. दारातली तुळस वाळलेली, दोरीवर विसरलेलं एखादं झबलं वाऱ्यानं हात हलवत असतं. वारा सुटला की कुलपं कड्यांवर आपटतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणीतरी ओळीनं दारं वाजवत गेल्यासारखं. एक कुत्रं तेवढं मागं राहतं, आणि ते भुंकत नाही.

तिथं मी पहाटेच्या धुक्यात जाऊ लागले. घरी सांगायचं, शेणी आणायला चालले. थंडीसाठी ह्यांचं पांढरं धोतर अंगाभोवती घ्यायचं. चपला घसरतात म्हणून अनवाणी. ‘डोक्याला काही घट्ट बांधू नका, रक्त खेळू द्या’ असं मास्तरांनी लिहिलेलं, म्हणून केस मोकळे. (मास्तरांचे स्वतःचे केस बोटभरही नव्हते.) आणि मग फुफाट्यातून मागं मागं, चवड्यांवर, ओढ्यापर्यंत. गुडघे खरंच हलके झाले.

एके दिवशी पळता पळता समोर धुक्यात काहीतरी उभं दिसलं. अंग केवढं तरी रुंद, खांदे दारात न मावणारे, आणि वर डोकं असं काही नाही. मी थांबले. तेही थांबलं. ते आवाज करीना, हलेना. मी धोतराचं टोक तोंडावर ओढलं आणि तशीच उलटी पळत ओढ्यात उतरले, तिकडून शेतातून घरी आले. शेणीची पाटी रिकामी बघून आत्याबाईंनी विचारलं, म्हशींनी संप केलाय काय. मी चूल पेटवायला बसले.

तासाभरात गणपत भाऊजी आमच्या ओसरीवर. ते डेअरीला दूध घालतात. सायकलीला दोन बाजूंना दोन कॅन, डोक्यावरून घोंगडी. चेहरा ताकासारखा पांढरा.

“खालच्या आळीत हडळ हाय, आत्याबाई,” ते म्हणाले. “केस मोकळे, अंगावर पांढरं. तोंड माझ्याकडं, अन् चालली लांब लांब. मी थांबलो तर ती बी थांबली. तोंडातून धूर सोडीत व्हती.”

तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही. माझ्या मनात आलं ते एवढंच की बाई गं, म्हणजे तिथं दोघं आहेत! ते बिनडोक्याचं रुंद, आणि शिवाय ही. मी दोघांच्या मधून रोज पळत होते, या विचारात मी भाऊजींच्या चहात साखर दोनदा घातली.

सगळे पावलं बघायला गेले. मीही गेले, आत्याबाईंचा हात धरून, त्यांच्याच आडोशानं. फुफाट्यात अनवाणी पावलं उमटली होती. त्यांचे पंजे आळीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीच्या देवळाकडं, आणि भाऊजी शपथेवर सांगत होते की ती ओढ्याकडं गेली. “उलट्या पावलांची हाय!” कुणीतरी पुटपुटलं. पाऊल साधारण माझ्याएवढंच होतं. बिचारी माझ्याच वयाची असताना गेली असेल, असं वाटून मला रडू आलं.

आत्याबाईंनी तिथंच हुकूम काढला. सोनालीनं ऊन वर आल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. ती पहाटेच सडकेवर पळायची; ऊन वर आलं की तिथं उसाचे ट्रॅक्टर आणि पारावर टोळकी. पळणार कुठं? ग्राउंड संक्रांतीनंतर होतं. पोरगी अंगणात म्हशीभोवती फेऱ्या मारू लागली. म्हैस तिच्याकडं बघून बघून गरगरली आणि दूध देईना.

“आई, तू तरी बोल की,” सोनाली एकदा म्हणाली. “माझं हेबी वरीस गेलं तर मला कोण पळू देणार हाय?”

मी बोलणार होते. सकाळी शब्द जुळवले, दुपारी पुन्हा घोकले, आणि संध्याकाळी आत्याबाईंसमोर उभी राहून विचारलं की भाजीत तिखट किती घालू. असा माझा पराक्रम.

शेवटी आत्याबाईंनीच उतारा काढला. दहीभात, लिंबू, हळदकुंकू पत्रावळीवर घालून तिन्हीसांजेला खालच्या आळीच्या टोकाला ठेवायचं. ते घरच्या सुवासिनीनं एकटीनं न्यायचं, ठेवून परत यायचं, आणि काही झालं तरी मागं वळून बघायचं नाही. म्हणजे मीच. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण दारात सोनाली बुटांच्या नाड्या हातात घेऊन उभी होती. मग पत्रावळ उचलली.

सगळे मारुतीच्या पारावर थांबले. मी आळीत शिरले. उजेड जात होता आणि गावातल्या चुलींचा धूर जमिनीलगत पसरला होता. कुलपं एकामागून एक वाजत माझ्या बरोबर चालली. ते न भुंकणारं कुत्रं एका उंबऱ्यावर बसून माझ्या मागं काहीतरी बघत होतं. टोकाला पोचले, पत्रावळ ठेवली. आता वळायचं आणि घरी जायचं.

आणि तेव्हा मनात स्पष्ट ऐकू आलं: ‘घाबरू नका, मी तुमच्या मागेच आहे.’

मला पाठ फिरवता येईना. पाठ फिरवली की ते येणार, ही माझी खात्री. आणि मागं वळून तर बघायचं नाही. मग शरीरानं आपणच मार्ग काढला. मी होते तशीच, तोंड पत्रावळीकडं ठेवून, मागं मागं निघाले. आधी चालत. मग एक कुलूप जोरात वाजलं आणि मी धोतर धरून... म्हणजे लुगडं धरून पळत सुटले. अंबाडा सुटला. सराव होताच, वेग चांगला आला.

पारावरच्या लोकांना काय दिसलं असेल ते मी नंतर जुळवलं. धुरातून मोकळ्या केसांची बाई येतेय, वेगानं येतेय, आणि तिच्या टाचा यांच्याकडं आहेत.

पारावर ओरडा झाला. तो मला पाठीमागून ऐकू आला. मला वाटलं, ती पारावर पोचली, माझ्या माणसांना धरलं! म्हणून मी आणखी जोरात पळाले, त्यांच्याकडंच. तिकडं गणपत भाऊजी सायकल सोडून पळाले. आत्याबाई, ज्यांना दोन वर्षं न्हाणीपर्यंत हात धरून न्यावं लागत होतं, त्या मारुतीच्या चौथऱ्यावर चढून देवाला मिठी मारून बसल्या. माझी पाठ कशावर तरी आदळली. ते आमचे हे होते. ह्यांनी डोळे मिटले होते आणि माझ्या आईचं नाव घेऊन माफी मागत होते. (कशाची, ते अजून सांगितलेलं नाही.)

एकटी सोनाली जागची हलली नव्हती. ती माझ्या पायांकडं बघत होती.

“आई,” ती म्हणाली, “टाचा टेकवू नको. पुस्तकात चवड्यावर लिवलंय.”

मी खाली बघितलं. फुफाट्यात माझी पावलं उमटली होती, पंजे आळीकडं आणि मी पाराशी. तेव्हा कुठं मला कळलं की हडळ कोण होती. आणि त्याच दमात हेही, की पाराला टेकवलेली ती सायकल, दोन बाजूंना दोन कॅन, अंधूक उजेडात केवढी रुंद दिसते.

आत्याबाई मारुतीला न सोडताच म्हणाल्या, “उतरवा मला. अन् उद्यापून पोरीसंगं हिलाच पाठवा. हिच्या जवळ कोण यायलंय मरायला?”

तेव्हापासून रोज पहाटे आम्ही दोघी. मी तिच्या पुढं, तिच्याकडं तोंड करून उलटी, आणि ती मला धरायला. रस्त्यावरचा माणूस आम्हाला बघून बांधावर उतरायचा. गाव सगळं हसलं. लाज इतकी वाटली की वाटायची राहिली.

सोनाली ग्राउंड पास झाली. मागं पडली नाही, चांगली पुढं आली. लेखी बाकी आहे, पण स्थळाचं नाव कुणी काढत नाही.

ग्राउंड झालं त्या संध्याकाळी तिनं पुस्तकावरच्या नंबरवर मास्तरांना फोन लावला. सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात कोंबला. मी पदर नीट केला. (फोनवर दिसत नाही, हे मला माहीत आहे.) मास्तरांचा आवाज शिट्टीवाल्या माणसाचा नव्हता, फार मऊ होता. आधी त्यांनी सोनालीचं कौतुक केलं. मग त्यांनी विचारलं, “ताई, तो उलट्या धावेचा धडा तुम्ही खरंच केला?”

म्हटलं, “रोज करते.”

“कमाल हाय,” मास्तर म्हणाले. “मी तो दुसऱ्या एका पुस्तकातून घेतलाय. मी सोता कधी केला न्हाई. म्हटलं, आमच्या गावात लोक भूत समजून दगडं मारतील.”

पुस्तक लिहायला किती अक्कल लागते ते मला त्या दिवशी कळलं. वाचायला काही लागत नाही, हे मी आधीच दाखवून दिलं होतं.