बाबांच्या सुताचं पातळ

माझ्या लग्नाचं पातळ माझ्या जन्मापासून तयार होत होतं. बाबा पहाटे चरख्यावर बसत आणि कातलेल्या सुताच्या गुंड्या कडुनिंबाचा पाला घालून एका पेटीत ठेवत. सेवाग्रामच्या रस्त्याला आमच्या ओळीतल्या बहुतेक घरांत अशी एकेक पेटी होती. वडिलांनी कातलेल्या सुताचं पांढरं पातळ नेसून, गळ्यात सुताचाच हार घालून मुलगी बोहल्यावर चढायची. वेगळं काही नेसलेली नवरी मी तिथे पाहिली नव्हती.

मला लाल हवं होतं.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मामांकडे राहून मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकले. सुटीत घरी आले की बोलताना अडखळायचे आणि शेजारच्या मुली हसायच्या, त्यामुळे गप्प राहून बघत बसायची सवय लागली. लग्न ठरलं, सूत विणकराकडे जायची वेळ आली, तरी मी बघतच होते.

तेवढ्यात आर्वीहून आत्या आली. ती बाबांची मोठी बहीण, तिच्यापुढे बाबांचा आवाज आपोआप खाली येतो. बाबा तिला कौतुकाने गुंड्या दाखवत होते आणि मी तिच्या लुगड्याच्या लाल काठाकडे पाहत होते. तिने ते टिपलं.

"काऊन रे, हे नेसणार कोण? तू का ते पोरगी?"

आपल्याकडे पांढरंच नेसतात, असं बाबा म्हणाले. उगाच वेगळं केलं तर लोक काय म्हणतील?

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने बाबांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. आजोबा कचेरीत नोकरीला होते. त्यांनी मुलासाठी जरीचा लाल फेटा आणला होता आणि बाबा मांडवात आले ते खादीची टोपी घालून. तशी टोपी तेव्हा गावात दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर नव्हती. आजोबा, म्हणजे या दोघांचे बाबाजी, रागाने पंगतीलाही बसले नाहीत.

"आपल्या बाबाजीनं तवा हेच म्हटलं होतं, लोक काय म्हणतील. आता तू बाबाजी झाला."

बाबा कापसाचा पेळू न लावताच चरख्याचं रिकामं चाक फिरवत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "तुला काय हवंय?"

"लाल," मी म्हणाले. "सूत तुमचंच. फक्त लाल."

पातळ विणून आलं. रंगाऱ्याकडे द्यावं असं आईचं म्हणणं होतं, पण आपलं काम आपल्या हाताने करायचं हे बाबांचं व्रत. त्यांनी अंगणात घंगाळ मांडलं, रंगाच्या दोन पुड्यांतली एक सोडली आणि कोपरापर्यंत हात लाल करून घेतले. रंग पक्का कसा करतात, हे मात्र त्यांनी कोणाला विचारलं नाही.

वैशाखातलं लग्न. घामाने रंग सुटला. माझ्या टाचा लाल झाल्या. माझ्या पदराला गाठ मारलेलं नवऱ्याचं पांढरं उपरणं सप्तपदी होईपर्यंत गुलाबी झालं. त्याने ते एकदा निरखून पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "घरी पोचेपर्यंत हे पांढरं होईल ना?" आमचं पहिलं बोलणं ते. मी हसले, सगळ्यांदेखत.

ओळीतल्या बायका दोन दिवस कुजबुजल्या. पुढच्या वर्षी तिथल्या दोन नवऱ्या लाल खादी नेसल्या, रीतसर रंगाऱ्याकडून रंगवून घेतलेली. त्यानंतर तर लालच नेसायची पद्धत पडली.

परवा धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. पातळ रंगवायला कोणाकडे द्यायचं, असं आईने विचारताच ती फणकारली, "लाल तर सगळ्याच नेसतात. मला पांढरं हवं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग लाल रंगाची उरलेली पुडी शोधून काढली, कागदात गुंडाळली आणि फळीवर नीट ठेवून दिली.

"राहू दे," ते म्हणाले. "हिच्या मुलीला लागेल."