जामच्या शेडमधला लोखंडी डोंगा

इंजिन खोलून पुन्हा बसवलं का दोन-चार नटबोल्ट उरतातच. कुठचे ते कोणाला सांगता येत नाही, अन् इंजिन त्यांच्याबिगर चालतंही. आमच्या ह्यांनी असे उरलेले नट एका पत्र्याच्या डब्यात जमवले होते. किस्स्यांचंही तसंच आहे. मी शाळेत गेली नाही, लिहून ठेवणं कुठलं? जे उरलं ते डोक्यातल्या डब्यात पडत गेलं. आज डबा हलला, म्हणून वाजून राह्यला.

*

सत्तर सालानंतरची गोष्ट. जाम गावाला रोडवर आमची शेड होती. हे विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करत, अन् बाजूला शंकर वेल्डिंग करे. ह्यांचा दोस्त दौलत घाटावर डोंगा चालवायचा. लोकांना नदीपार सोडायचं काम आज्यापासून त्यांच्याच घरात. एका वर्षी साहेब लोकांनी सांगितलं, पुढच्या लिलावात घाटाचा ठेका त्यालाच, ज्याच्याजवळ मोटरचा डोंगा असेल.

दौलतनं धरणावरच्या भंगारातून एक लोखंडी डोंगा उचलला. पोटात इंजिन, इंजिनावर बोटभर गंज. दोन बैलबंड्या जोडून तो डोंगा भर उन्हात रोडनं आमच्या शेडकडे निघाला. एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "काका, इथं नदी कुठं हाये?"

दौलत म्हणे, "नदी तिच्या जागी हाये. डोंगा दवाखान्यात चालला."

*

पिस्टन असे चिकटले होते का सुटता सुटेनात. ह्यांनी वरून घासलेट ओतलं अन् रोज सकाळी लाकडानं ठोकून पाहायचे. आठ दिवस झाले. शंकर म्हणे, "भाऊ, याले पाजता पाजता आपल्या घरचे दिवे इझले."

नवव्या दिवशी पिस्टन हलला. दौलतनं तिथंच नारळ फोडला, गुलाल लावला. हे हात पुसत म्हणाले, "अजून जन्मलं नाई, दौलत, अन् बारसं काऊन करतं?"

दौलत हसला नाही. घाटाशिवाय त्याला दुसरं काहीच येत नव्हतं.

*

इंजिन पूर्ण खोललं, तेव्हा पंचाईत झाली. आमच्यात वाचता येणारा कोणी नाही, कागद नाही, चित्र नाही. कोणता पुर्जा कशाच्या मागून निघाला, हे ध्यानात ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी जुनी गोधडी अंथरली अन् पुर्जे लग्नाच्या पंगतीसारखे बसवले. मोठा शाफ्ट म्हणजे आजा. दोन पिस्टन म्हणजे दोघं व्याही, समोरासमोर. चार व्हॉल्व म्हणजे चार जावा. दिसाले सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

एक दिवस एक गिऱ्हाईक शेडच्या दारात आलं. आतून ह्यांचा आवाज आला, "धाकटी जाऊ आण व, अन् आज्याले उन्हातून उचल."

ते गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर शंकरले विचारे, "घरी कोणी बिमार हाये काय गा?"

*

ह्यांची एक सवय होती. कोणाचंही इंजिन आलं का आधी तेलात बोट बुडवायचं, अंगठ्यावर चोळायचं, डोळे मिटायचे. एक पाटील म्हणे, "कालच तेल बदललं, मिस्तरी. पाहा कसं सोन्यासारखं हाये."

ह्यांनी बोट चोळलं. "सोनं हाये, पाटील. पण कचकचते."

खोललं, तर आत वाळू! हे मला म्हणाले, "डोळ्याले फसवता येते. बोटाले नाई."

*

डोंगा पाहायला साहेब येणार, त्याच्या दोन दिवस आधी पुर्जे धुवायचे होते. घासलेटनं धुऊन फडक्यानं पुसायचे, असं ह्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. मी आत गेली, तर दारामागं डबा रिकामा. तेव्हा राशनचं घासलेट आलं तर आलं, नाहीतर महिना महिना नाही.

मी काय केलं? पितळेची भांडी जन्मभर जशी घासली तसेच पुर्जे घासले. चुलीतली राख, नारळाचा काथ्या, विहिरीचं पाणी. आज्याच्या अंगात तेल जायची बारीक भोकं होती, त्यात खराट्याची काडी घालून राख फिरवली. वरून गोडं तेल चोळलं. सारे लखलख करून राह्यले. शंकर म्हणे, "काकू, यात पाहून भांग पाडता येते."

हे आले, पंगत पाहिली. "घासलेटनं धुतलं ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच.

*

साहेब आले, काठावर खुर्चीवर बसले. तिसऱ्या हँडलला इंजिन सुरू झालं. दौलतनं मान वर करून पाहिलं नाही, नुसता सुकाणू धरून बसला. डोंगा निघाला. काठावरच्या बाया टाळ्या वाजवत होत्या, अन् मी आवाज ऐकत होती.

मधात गेल्यावर आवाज बदलला. जात्यात खडा आला का होतो तसा. मग करकरलं, अन् बंद. डोंगा धारेत आडवा झाला. दौलत उठला, बांबू घेतला, अन् आज्या-पणज्यासारखा रेटत रेटत काठाला आला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं अन् जीपमध्ये बसले.

ह्यांनी तिथंच रेतीवर इंजिन खोललं. तेलात बोट बुडवलं. अंगठ्यावर चोळलं. लय वेळ चोळलं. मी पंधरा पावलांवर उभी होती.

मग दौलतले म्हणाले, "तेल कमी घातलं मी. चूक माही हाये."

दौलत म्हणे, "जाऊ दे भाऊ. लोखंड हाये ते. माणूस असता तं समजावलं असतं."

*

घाट दुसऱ्याला गेला. दौलत बायको-लेकरं घेऊन गिट्टीच्या खदानीवर गेला. जाताना बांबू आमच्या अंगणात टेकवून गेला. म्हणे, "वहिनी, लुगडी वाळवाले होईन." त्यावर मी लुगडी वाळवली. तो पुन्हा आला नाही. खदानीवर त्याच्या छातीत धूळ बसली, असं शंकरनं सांगितलं.

ह्यांनी पुन्हा इंजिनाला हात लावला नाही. शेड शंकरला दिली, अन् हे कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर चौकीदार झाले. लोक इंजिन घेऊन घरी यायचे. हे म्हणायचे, "बोटं गेली माही." बोटं चांगली होती. त्याच बोटांनी ते लेकीच्या वेण्या घालत.

*

पंच्याऐंशी सालाच्या आसपास हे खाटेवर पडले. नालवाडीला लेकीच्या घरी होतो आम्ही. तिच्याकडे भांड्यांची पावडर होती, पण माझा हात राखेवरच जायचा. एक दिवस दुपारी ह्यांनी पाणी मागितलं. मी लोटा घासून, भरून आणला.

ह्यांनी लोट्याच्या आतून बोट फिरवलं. अंगठ्यावर चोळलं. डोळे मिटले.

मी विचारलं, "कचकचते काय?"

हे म्हणाले, "त्या दिवशी राशनच्या दुकानातून रिकामा डबा मीच आणून ठेवलता. दारामागं. ठाऊक असून इचारलं तुले."

मग सारं पाणी पिऊन घेतलं, अन् लोटा माझ्या हातात दिला.