राजारामकाकांचं अर्धं गाऱ्हाणं

राजाराम घाडी पहिल्यांदा रेकॉर्डिंगला आले, तेव्हा मला त्यांचा असा राग आला होता की विचारू नका. रविवारची दुपार, भांडुपमधली देवेशची बेडरूम, आवाज नको म्हणून पंखा बंद, भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, आणि हा पांढऱ्या शर्टातला माणूस चष्मा पुसून आमच्या नियमांची फाइल पहिल्या पानापासून वाचत बसलाय. बत्तीस पानं! मी म्हटलं, "काका, खेळता खेळता कळेल हो सगळं." तर म्हणाले, "पत्ते खेळताना हुकूम कुठला ते तू आधी विचारतेस की डाव संपल्यावर?" आणि परत फाइलीत डोकं घातलं. चाळीस मिनिटं आम्ही घामाने निथळत बसलो होतो.

आमच्या पॉडकास्टचं नाव 'सहा बाजू'. टेबलाभोवती बसून आम्ही एक गोष्ट खेळतो आणि लोक ती ऐकतात. देवेश सूत्रधार. तुम्ही कुठे आहात, समोर काय वाढून ठेवलंय ते तो सांगतो. बाकी प्रत्येकाचं एकेक पात्र. पात्राने काय करायचं ते आपण बोलायचं आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. दोन फाशांची बेरीज करायची, त्यात पात्राचा गुण मिळवायचा, दहाच्या वर गेलं की जमलं. गुण तीनच: बळ, नजर आणि जीभ. मी रेवती, घाटकोपरची. मी खेळते, आणि एडिटिंगही माझ्याच गळ्यात पडलेलं आहे. दुसरी निधी, माहूलची कोळीण, रेकॉर्डिंगला येताना आईने तळलेले बोंबील आणणारी, म्हणून तिला सगळं माफ.

तिसऱ्या खुर्चीसाठी देवेशला गाऱ्हाणं घालता येणारा माणूस हवा होता. गोष्ट कोकणातल्या सात काल्पनिक गावांत घडत होती ना! आमच्याकडे काही मागायचं असलं की एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तेच गाऱ्हाणं. देवेशच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहणारे राजारामकाका ते झकास घालायचे. एका भागापुरते पाहुणे म्हणून आले, आणि दोन वर्षं राहिले.

नोकरीत ते पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. पहाटे चारला उठायचं, टेकडीवरच्या वस्त्यांच्या लाइनी ठरल्या वेळी उघडायच्या, ठरल्या वेळी बंद करायच्या. चौतीस वर्षं. स्वतःच्या बिल्डिंगलासुद्धा त्यांनी कधी दोन मिनिटं जास्त पाणी सोडलं नाही, आणि त्यासाठी शेजारणी त्यांच्या बायकोशी भांडायच्या. आता ते रिटायर झालेत. बायको म्हाताऱ्या आईला बघायला गावी, मुलगी लग्न होऊन गेलेली. एकदा चहा पिताना मी उगाच विचारलं, "काका, बोअर नाही होत घरी?" त्यांनी बशी खाली ठेवली. "चौतीस वर्षं रस्त्याने जाताना माणसं विचारायची, घाडी, पाणी कधी? आता कोण काय विचारत नाय. इथे देवेश विचारतो, भिवा, आता काय करणार? आठवड्यातून एकदा बरं वाटतं." बोलून झाल्यावर त्यांनी चहा संपवला आणि माझी नजर चुकवून कप धुवायला गेले.

भिवा हे त्यांचं पात्र. होडीवाला. बळ दोन, नजर दोन, जीभ पाच. ऐकणाऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. फॅन ग्रुपवर साडेतीनशे माणसं, आणि त्यातली निम्मी भिवाचीच. कोणी त्याच्या होडीचं चित्र काढायचं, कोणी त्याच्या फाशांचा हिशोब ठेवायचं. एकाने तर भिवाने दोन वर्षांत किती वेळा 'थांब जरा, वाचूक दी' म्हटलं ते मोजलं होतं. एकसष्ट वेळा. काका ग्रुपवर नव्हते. मी वाचून दाखवायचे, तेव्हा लाजायचे.

एक नियम मात्र कडक होता. पात्र मेलं की खेळाडू उठला. नवं पात्र घेऊन परत बसायचं नाही. मरणाची भीती नसेल तर खेळात मजा काय, असं देवेशचं म्हणणं, आणि फॅन लोकांनाही ते पटलेलं. त्यामुळे भिवा मेला तर काकांचा रविवार गेला, हे मला माहीत होतं.

आता जे झालं ते सांगते. एकशेदहाव्या भागात दर्या गावांवर चालून आला. निधीचे फासे फसले, माझे तर विचारूच नका, तीन पडले. मग भिवा किनाऱ्यावर उभा राहिला आणि काकांनी सात गावच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. अंगावर काटा आला, खरंच. "बा सात गावच्या राखणदारा, आज ही लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत, रे म्हाराजा." आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. "दर्याक मागे लोट, घरादारांची राखण कर, रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. "कोणाची काय चूक झाली आसात ती माझ्या अंगार घाल, पण ह्यांका सुखरूप ठेव, रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. निधीनेसुद्धा म्हटलं. कोळ्यांच्यात गाऱ्हाणं नसतं असं, पण दोन वर्षं काकांच्या शेजारी बसून तिचीही जीभ वळली होती. देवेश म्हणाला, "टाका फासे." नऊ पडले, जिभेचे पाच, चौदा. दर्या मागे गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

सोमवारी मी एडिटिंगला बसले आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला माझा हात थांबला. पान सव्वीस, नियम कौलाचा. अडीच वर्षांपूर्वी देवेशनेच लिहिलेला, कधी कोणी वापरला नव्हता. एका खेळाडूने राखणदाराकडे मागणं मागताना भार स्वतःवर घेतला आणि बाकी सगळ्यांनी तोंडाने होकार दिला, तर तो कौल. मग फासे टाकायचे नाहीत. मागणं पुरं होतं आणि भार घेणारा मरतो. आणि आम्ही काय केलं होतं? काकांनी लहानपणापासून म्हणतात तसं गाऱ्हाणं म्हटलं, आम्ही लहानपणापासून देतात तसा होकार दिला. सवयीने! आणि सवयीने भिवाला मारून वर टाळ्या वाजवल्या.

वाट लागली, दुसरं काय. देवेशच्या लक्षात आलं नव्हतं, पण फॅन ग्रुपवर ते पान सव्वीस पाठ असणारे दहा जण तरी होते. मी कोणाला विचारलं नाही. तिसरं 'व्हय म्हाराजा' कापलं, माझं आणि निधीचं दोन्ही. होकार नाही म्हणजे कौल नाही. दोन सेकंदांचं काम. मग लॅपटॉपमध्ये जागा नव्हती म्हणून नेहमीसारखं मूळ रेकॉर्डिंगही उडवून टाकलं. मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट कामाचं काहीतरी केलं असं वाटलं.

शुक्रवारी भाग गेला. ग्रुपवर पहिला तासभर नुसती स्तुती. मग मुलुंडच्या पद्मजाने लिहिलं, "तिसऱ्या वेळी व्हय म्हाराजा का नाही आलं?" कोणी म्हणालं माइकचा प्रॉब्लेम असेल. कोणी म्हणालं, अरे बरं झालं, पान सव्वीस बघा, आलं असतं तर भिवा मेला असता यार. पद्मजा ऐकेना. "ते मला माहीत नाही. आमच्या गावी व्हय दिलं नाही तर गाऱ्हाणं अर्धं राहतं. देवापर्यंत जातच नाही ते. मग दर्या मागे गेलाच कसा?" त्यावर दोनशे मेसेज. मी ॲडमिन, म्हणून लिहिलं, "खेळ आहे, एवढं काय." मनातून मात्र मी पद्मजाला चार शिव्या घातल्या.

रविवारी काका आले ते बसलेच नाहीत. मला म्हणाले, "रेवती, तू कापलंस?"

मी खोटं बोलणार होते. पण त्यांच्याकडे बघून जमेना. "हो," म्हटलं. "नाहीतर भिवा मेला असता. पान सव्वीस."

देवेशने फाइल उघडली, वाचली, आणि त्याचा चेहराच उतरला. काका म्हणाले, "मला ठाऊक होतं पान सव्वीस. खेळताना ध्यानात नाय आलं, घरी जाऊन वाचलं. मला वाटलं, भाग लागला की तुम्हाला पण कळेल आणि मग बघू. तर तू ते कापून बसलेली."

"मग गप्प बसा ना काका! कोणाला कळलंय?"

"बापाने शिकवलेलं गाऱ्हाणं गं ते. तीन साडेतीनशे लोकांनी अर्धं ऐकलं माझ्या तोंडून." ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "परत लाव ते."

मी म्हटलं, मूळ फाइल नाहीये, मी उडवली. ते म्हणाले, मग परत बोला. आता. माइक लावा.

निधी म्हणाली, "मी नाय बोलणार. काय करायचंय ते करा." देवेश म्हणाला, "काका, नियम मी लिहिलाय, मी बदलतो. आत्ता खोडतो." काकांनी मान हलवली. "पुढच्या भागापासून खोड. हा झाला." मग माझा तोल सुटला. म्हटलं, अहो हा खेळ आहे, तुमच्या लाइनीची चावी नाहीये ही! मला तुम्ही इथे हवे आहात, कळतंय का तुम्हाला? आम्हा सगळ्यांना हवे आहात.

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "माका पण व्हया आसा गो हयसर बसूक. पण असा नको." आणि माइक स्वतःकडे ओढला.

देवेशने रेकॉर्डिंग सुरू केलं. काकांनी डोळे मिटून पहिल्यापासून घातलं. पहिल्या दोन वाक्यांना आम्ही उत्तर दिलं, ते सोपं होतं. मग तिसरं आलं. कोणाची काय चूक झाली आसात ती माझ्या अंगार घाल. निधीने नाक ओढलं आणि कसंबसं म्हटलं, व्हय म्हाराजा. राहिले मी.

गाऱ्हाण्यात उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाहीत. काका थांबले. मागच्या रविवारी हेच दोन शब्द मी बोंबील खाता खाता म्हटले होते. आता तोंड उघडेना. न म्हणून चाललं असतं का? चाललं असतं. मी गप्प राहिले असते तर भिवा जगला असता आणि त्या माणसाचं गाऱ्हाणं जन्मभर अर्धं राहिलं असतं. ते डोळे मिटून बसले होते, घाई करत नव्हते. किती वेळ गेला माहीत नाही. देवेश नंतर म्हणाला, पन्नास सेकंद.

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

काकांनी सुटका झाल्यासारखा श्वास सोडला. भिवाचा कागद देवेशपुढे सरकवला, चष्मा खिशात ठेवला. मी रडत होते, लपवत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडतंस कित्याक? मी खंय जातलंय? वरच आसंय."

मग दाराशी गेले. चपला घालताना भिंतीला धरून उभे राहिले आणि मागे न बघता म्हणाले, "रविवारी तीन वाजता आता काय करायचं, ते मात्र कळत नाय."

जिन्यावर त्यांची पावलं वर गेली. रेकॉर्डिंग बंद करायचं आमच्या कोणाच्या लक्षातच नव्हतं, त्यामुळे हे वाक्यही त्यात आलंय. भाग तसाच लावला. मी काही कापलेलं नाही.