शालिकराम सोमकुवरचं खरं वय

शालिकराम सोमकुवर झाडाकडे बघून फळं सांगतो. झाडाला एक फेरी मारायची, एक फांदी मोजायची, मान वाकडी करून शेंडा बघायचा आणि आकडा टाकायचा: "साडेआठशे." काटोल भागात व्यापारी फळ झाडावर असतानाच संत्र्याची बाग घेतात आणि त्याआधी अंदाज बांधायला जाणता माणूस नेतात. तीस वर्षं तो माणूस म्हणजे शालिकराम. बागवाला हजार म्हणाला की हा सहाशे म्हणणार, हे ठरलेलं. घरीही तेच. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या असं बायको प्रेमिलाने सांगितलं, की हा आतून ओरडायचा, "दोन धर."

मागच्या दिवाळीनंतर या माणसाच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, पूर्ण ग्रंथी काढली, मानेतल्या काही गाठीही काढल्या. आठवडाभर आवाज बसला होता. तो आठवडा प्रेमिलाच्या मते बरा गेला.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. "काका, घाबरू नका. हा दुसरा टप्पा आहे. या टप्प्यातले शंभरातले नव्वदच्या आसपास लोक दहा वर्षांनंतरही असतात."

शालिकरामने मान वाकडी करायचा प्रयत्न केला. टाक्यांमुळे जमलं नाही. "नव्वद? मी साठ धरतो."

"काका, हा भाव नाही."

"गळ धरली काय त्याच्यात?"

बाईंना गळ कळेना. प्रेमिलाने समजावलं, की झाडावर दिसतं तेवढं फळ हाती येत नाही, काही गळून पडतं, आणि ते आधीच वजा करायची यांना सवय आहे.

"आम्ही सगळं वजा करूनच सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"सारे बागवाले असंच म्हणतात," शालिकराम म्हणाला.

प्रेमिलाला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. काटोलजवळ त्यांचं तीन एकर वावर होतं. जुनी संत्र्याची झाडं रोगाने गेली होती आणि दोन वर्षं जमीन रिकामी पडली होती. तिथे पुन्हा संत्रा लागावा, ही प्रेमिलाची इच्छा. तिचा धाकटा भाऊ प्रेमानंद याला मात्र ती जमीन लग्नाच्या लॉनसाठी हवी होती. मध्ये कारंजं, बाजूला स्टेज, दोनशे गाड्यांची पार्किंग. आजारपणाआधी शालिकराम त्याला सरळ नाही म्हणायचा. आता तो हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. संत्र्याला फळ धरायला सहा वर्षं लागतात, आणि त्याच्या हिशेबात सहा वर्षं बसत नव्हती.

काय बसतं ते तो रोज सांगायचा. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "वावरात मेथी टाकू. तीन हप्त्यांत निघते." रेडिओ-आयोडीनचा डोस घेऊन आला तेव्हा वर्षभरात येणाऱ्या पपईवर आला. रक्ताचा रिपोर्ट चांगला निघाला त्या दिवशी त्याने तीन-चार वर्षांत धरणाऱ्या लिंबाचं नाव काढलं. मग शेजारच्या गल्लीतला एक माणूस वेगळ्याच आजाराने गेला आणि हा दुपारपर्यंत पुन्हा मेथीवर. प्रेमिला अंगणवाडी सेविका आहे. रोज पोरांची वयं-वजनं नोंदवून ती घरी यायची आणि विचारायची, "आज काय लावता?" तब्येत विचारायची गरज उरली नव्हती. लिंबाच्या पुढे मात्र तो कधी गेला नाही.

एप्रिलच्या तपासणीत डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या, की वय पंचावन्नच्या आत असतं तर हाच रिपोर्ट पहिल्या टप्प्यात बसला असता आणि आकडा शंभरातले अठ्ठ्याण्णव झाला असता.

शालिकराम उभाच राहिला. "बाई, माहं वय खोटं आहे."

कागदावर तो सत्तावन्नचा होता. जन्म एक जुलै एकोणीसशे अडुसष्ट. ती तारीख शाळेच्या गुरुजींनी टाकली होती. त्याच्या वर्गातल्या अकरा पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी येई. आई फक्त एवढंच सांगायची, की शालिक लढाईच्या साली झाला. त्या सुमाराला लढाया दोन झाल्या, पासष्टची आणि एकाहत्तरची. त्यातली कोणती, हे आईला विचारायचं राहून गेलं होतं. शालिकरामने आता एकाहत्तरची निवडली. म्हणजे चोपन्न.

"गाठीनं तुमचं आधार कार्ड पाह्यलं होतं काय?" घरी येताना प्रेमिलाने विचारलं. "जे वय आहे ते आहे."

"मंग ते किती आहे, ते पाहू न! आत्याले माहीत आहे."

आत्या म्हणजे बायजाबाई, राहणार कन्हान. दुसऱ्या दिवशी प्रेमानंद स्वतःची गाडी घेऊन हजर झाला. निकाल त्यालाही स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.

बायजाबाई अंगणात खाटेवर मूगवड्या वाळत घालून, काठी घेऊन चिमण्यांवर पहारा देत बसल्या होत्या. जय भीम झाला, पाणी झालं.

"आत्या, मी कोन्या लढाईच्या वक्ती झालो?"

"काहून? पेन्शन भेटून राह्यली काय?"

"सांग न वं."

बायजाबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. "आपल्या लोकांनी दीक्षा घेतली तवा मी दहा वर्षांची. माहं लगन विसाव्या वर्षी, उन्हाळ्यात. लग्नात तू माह्या मांडीवर होता, सहा-सात महिन्यांचा, अन् नव्या पांढऱ्या लुगड्यावर मुतला. साऱ्या मांडवानं पाह्यलं."

प्रेमानंद हसला. प्रेमिलाचा हिशेब झाला होता; वयं काढणं हे तिचं रोजचं काम. दीक्षेचं साल छप्पन. त्यात दहा, सहासष्ट. त्याच्या आधीची लढाई पासष्टची. "साठ," ती म्हणाली.

शालिकरामने आत्याकडे खालून वर पाहिलं. "आत्या, दीक्षेच्या वक्ती तू दहाची कायची? पाच धर."

"पाच वर्षांची पोरगी काटोलच्या रस्त्यानं दोन दिवस पायी नागपूरले येते काय बे? तुहा बाप थकला होता अन् त्याची शिदोरी मी घेतली होती. पाच धर म्हणे!"

यापुढे सौदा होण्यासारखं काही नव्हतं. प्रेमानंदने घसा साफ केला. "म्हणजे जिजाजी, आता साठ. मंग त्या लॉनचं आपण..."

"कायचं लॉन?" बायजाबाईंनी विचारलं.

प्रेमानंदने कारंज्यापासून पार्किंगपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एक चिमणी उडवली.

"लग्नं लावाले दुसरी जागा नाही काय? त्या वावरात संत्रा लाव, शालिक. किती सालात धरते?"

"सहा."

"लाव मंग. पहिल्या बहाराची दोन डझन माह्याकडे पाठव. मागच्या खेपेले आंबट देल्ली होती."

म्हातारी ऐंशीला टेकली होती. शालिकरामची मान आता वाकडी होत होती. त्याने ती केली, आत्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आकडा सांगितला नाही.

परतताना गाडी कामठीला आली तेव्हा तो म्हणाला, "कागदावर सत्तावन्न होते. उतरले साठ."

"म्हणजे?" प्रेमानंदने विचारलं.

"अंदाजापेक्षा जास्त उतरले. तुले नाही समजत ते. तू समोर पाहून चालव."

सकाळी थायरॉइडची गोळी घेतल्यावर अर्धा तास चहा मिळत नाही. हा अर्धा तास शालिकराम एरवी सगळ्या घरावर काढतो. आज त्याने फोन लावला. प्रेमिला ओट्याशी गॅस बंद ठेवून उभी राहिली. तिकडून रोपवाटिकेवाल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

"संत्र्याची कलमं? भाऊ, यंदाची सारी बुक झाली. एकही नाही."

प्रेमिलाने डोळे मिटले. आता पपई, तिला वाटलं. नाहीतर मेथी.

"तुह्याकडे कधीच नसतात," शालिकराम खेकसला. "पुढच्या सालच्या जुलैची लिहून घे. चारशे."

"चारशे लागतात तीन एकरात?"

"साडेतीनशे लागतात. पन्नास मरतात. अन् एकेका कलमाचं लेबल पाहून घेईन मी स्वतः, सांगून ठेवतो. पुढच्या जुलैत मी तिथं उभा राहीन."

त्याने फोन ठेवला. घड्याळात अजून अकरा मिनिटं बाकी होती. प्रेमिलाने गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.

"अर्धा तास झाला काय?" त्याने संशयाने विचारलं.

"झाला धरा," ती म्हणाली, आणि प्रेमानंदला फोन लावायला बाहेर गेली.