तो फॉर्म माझ्याकडेच होता

हे मी आजवर कुणाशी बोलले नाही — नवऱ्याशीही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये मी काउन्सेलर होते. हुशार मुलांनी शाळेत असतानाच दुपारी जवळच्या कॉलेजात एखादा विषय घ्यायचा, तो दोन्हीकडे धरला जायचा — ही योजना मी प्रिन्सिपलच्या मागे लागून सुरू करवली होती. "एक वर्ष बघू," एवढंच ते म्हणाले होते. पहिल्या चार मुलांत नीता होती. ओळखीच्या मराठी घरातली, सोळा वर्षांची. मला मावशी म्हणायची.

आणि खरं सांगू? मुलांना तिथे पाठवलं की माझं काम संपलं, असंच मी धरून चालले. कसं झेपतंय, कोण मागे पडतंय — कधी विचारलं नाही. मी नाही तर कुणी विचारायचं?

ऑक्टोबरात ती माझ्या खोलीत आली. डोळे सुजलेले. "मावशी, आय कान्ट डू इट. मला कॅल्क्युलस ड्रॉप करायचंय." आईची सही घेतलेला फॉर्म तिने पुढे केला.

"मी कॉलेजला पाठवते," मी म्हणाले. "तू आता काळजी करू नकोस."

पाठवला नाही. विसरले म्हणू? — नाही. चारातली एक गळाली तर प्रिन्सिपल योजनाच बंद करतील, ही धास्ती. दोन दिवसांत तिला समजावू, राहील ती, असं म्हणत फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. समजावलं मात्र नाही. ती बिचारी माझ्या भरवशावर वर्गात जायची थांबली होती. पुढे तो ड्रॉवरच मी उघडेनाशी झाले. विषय सोडायची मुदत गेली.

जानेवारीत निकाल आला. नापास — कॉलेजच्या रेकॉर्डवर, कायमचं.

तिचे आईवडील समोर येऊन बसले. प्रिन्सिपल दाराशी उभे. वडिलांनी मराठीत विचारलं, "ताई, हिने फॉर्म दिला होता ना तुम्हाला?"

मी उत्तर इंग्रजीत दिलं. प्रिन्सिपलना कळावं म्हणून. माझ्याकडे काहीच आलं नाही, असं मी म्हणाले.

"खोटं बोलायला कधीपासून लागलीस?" वडील तिच्यावर ओरडले. नीता माझ्याकडे बघत राहिली. आता बोलेल — आता बोलेल — मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मेबी आय लॉस्ट इट, मावशी. आय ॲम सॉरी."

"इट्स ओके," मी म्हणाले. म्हणजे — मी तिला माफ केलं.

ती गेल्यावर फॉर्म फाडला. हव्या त्या युनिव्हर्सिटीतून तिला नकार आला. इंजिनिअरिंगचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. योजना मात्र चालली, माझं कौतुकही झालं.

काही वर्षांनी तिच्या लग्नाला गेले. ती वाकून माझ्या पाया पडली. शेजारी उभी तिची आई सांगत होती, "अजून प्रत्येक कागदाच्या दोन-दोन कॉप्या काढते ही. स्वतःवर भरवसाच नाही हिचा!"

सगळे हसले. मीही हसले.